क्लेमचे कागद, कॉलेजांची नावे आणि झुलेलाल : सिंधच्या आठवणीवर एक संवाद

१९४७ च्या फाळणीत पंजाब आणि बंगाल यांचे दोन-दोन भाग झाले. सिंध मात्र अखंड पाकिस्तानात गेला. सिंधी हिंदूंच्या विस्थापनाचे वेगळेपण इथून सुरू होते. लाहोरहून अमृतसरला आलेला पंजाबी घरदार गमावून आला, तरी त्याची भाषा बोलणारी खेडी, ओळखीची पिके आणि आपल्या बोलीतला बाजार त्याला सीमेच्या अलीकडे सापडला. ढाक्याहून कोलकात्याला आलेल्या बंगाल्याचेही तेच. सिंधी माणसाला भारतात सिंधचा एक तालुकाही मिळाला नाही. गोव्यातल्या साळावली धरणाखाली गेलेले कुर्डी गाव उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते आणि पांगलेले गावकरी मे महिन्यात तिथे देवाच्या उत्सवाला जमतात. सिंधी कुटुंबांची घरे पाण्याखाली गेली नव्हती. ती जागच्या जागी उभी होती, त्यांत दुसरी माणसे राहू लागली होती, आणि तिकडे जाण्याचा रस्ता तेवढा बंद झाला होता.

फाळणीपूर्वी सिंधच्या लोकसंख्येत हिंदू सुमारे पाव हिस्सा होते. त्यांची मोठी वस्ती शहरांत होती : हैदराबाद, कराची, शिकारपूर, सक्कर, लारकाना. हैदराबादचे आमिल नोकरी, वकिली आणि अध्यापनात होते, भाईबंद व्यापारात. शिकारपूरच्या सावकारांच्या हुंड्या मध्य आशियापर्यंत वटत. इंग्रजांनी १८४३ मध्ये सिंध जिंकला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला, आणि १ एप्रिल १९३६ पासून तो स्वतंत्र प्रांत झाला. जवळजवळ नव्वद वर्षांच्या या संबंधामुळे मुंबई सिंधी सुशिक्षितांना परकी नव्हती. कायद्याचे आणि विद्यापीठाचे शहर म्हणून ते तिला ओळखत होते. मराठी माणसांची पावलेही तिकडे उमटली आहेत : कराचीतली एक जुनी शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आजही वागवते.

पंजाबसारखी कत्तल सिंधमध्ये झाली नाही. म्हणूनच ऑगस्ट १९४७ नंतरही अनेकांनी गाव सोडले नव्हते. बिहार, संयुक्त प्रांत, राजस्थान इथून आलेल्या मुस्लिम निर्वासितांची गर्दी वाढत गेली, घरे ताब्यात घेतली जाऊ लागली, आणि ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली. त्यानंतर लोक निघाले ते थांबले नाहीत. कराची बंदरातून बोटींनी, खोखरापारमार्गे रेल्वेने, दहा लाखांहून अधिक माणसे भारतात आली. महाराष्ट्रात त्यांना ठेवले ते दुसऱ्या महायुद्धानंतर रिकाम्या पडलेल्या छावण्यांत. कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सुमारे एक लाख लोक आले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीचे उल्हासनगर झाले. ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ हे पत्ते तिथे आजही चालतात. पुण्याजवळ पिंपरी, मुंबईत चेंबूर आणि कोल्हापूरजवळ वळिवडे ही इतर मोठी ठिकाणे.

या समाजाने आपला प्रांत लक्षात ठेवला की सोडून दिला, यावर समाजाच्या आतच दोन भूमिका आहेत. इथे त्या दोन प्रातिनिधिक व्यक्तींच्या तोंडी घातल्या आहेत. एक आहेत उल्हासनगरच्या सिंधी माध्यमाच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, छावणीच्या बरॅकीत जन्मलेले. दुसरी आहे मुंबईत वाढलेली, जुन्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारी सिंधी अभ्यासिका.

तिचा आक्षेप सरळ आहे. “साईं, आपल्या लोकांनी सिंध टाकून दिला. पंजाब्यांच्या फाळणीवर कादंबऱ्या आल्या, चित्रपट आले. आपल्याकडं आजीला विचारलं की ती म्हणायची, झालं ते झालं, जेवून घे. आम्हाला घराचा पत्तासुद्धा कुणी सांगितला नाही. हैदराबादला कुठल्या गल्लीत राहत होतात, समोर कोण राहायचं, काही नाही. साठ वर्षांनी कुणी विचारायला आलं तेव्हा निम्मी माणसं गेलेली होती.”

शिक्षकांना हे मान्य नाही. “बेटी, माझे वडील पहाटेची लोकल पकडून डब्याडब्यांत गोळ्या-बिस्किटं विकायचे. रात्री घरी आले की त्यांच्यात बोलायचं त्राण नसायचं. त्यांनी रडत बसायचं ठरवलं असतं तर आम्ही शिकलो नसतो. आणि लिहिलं नाही म्हणतेस? पोपटी हिरानंदानींनी आत्मचरित्र लिहिलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मोहन कल्पना इथं, आपल्या उल्हासनगरात राहून लिहीत होते. सुंदरी उत्तमचंदानी, गोबिंद माल्ही, नारायण श्याम, सगळे लिहीत होते. तुला ते वाचता येत नाही, म्हणून ते लिहिलंच गेलं नाही असं कसं?”

हा टोला वर्मी लागणारा आहे, आणि खराही. इंग्रजी वाचकासाठी सिंधच्या फाळणीची पुस्तके उशिरा आली : रीटा कोठारी यांचे गुजरातमधल्या सिंध्यांवरचे पुस्तक २००७ मध्ये, साझ अगरवाल यांचे २०१२ मध्ये, नंदिता भवनानी यांचे २०१४ मध्ये. त्यामुळे तोवर सगळे गप्प होते असा समज पसरला. प्रत्यक्षात सिंधी भाषेत पहिल्या दशकापासून कथा, कविता, कादंबऱ्या येत होत्या; त्यांत छावणीतली उपासमार होती आणि सिंधू नदीही होती. त्यांचे वाचक मात्र लिहिणाऱ्यांच्याच वयाचे होते. अभ्यासिका ते मान्य करते आणि तोच धागा पुढे नेते : “मग साईं, माझंच म्हणणं खरं ठरलं की. आठवण तुम्ही अशा पेटीत ठेवलीत जिची किल्ली मुलांना दिली नाहीत.”

या वादात एक गोष्ट सहसा निसटते. हरवलेल्या घराचे पहिले तपशीलवार लेखन सिंधी लेखकांनी केले नाही. ते सामान्य कुटुंबांनी सरकारी अर्जात केले. विस्थापितांच्या दाव्यांचा कायदा १९५० मध्ये झाला आणि भरपाई व पुनर्वसनाचा १९५४ मध्ये. त्यांच्याखाली पाकिस्तानात राहिलेल्या स्थावर मालमत्तेची नोंद करायची होती. घराघरांत याला ‘क्लेम’ म्हणत. किती खोल्या, किती मजले, भिंत पक्की की कच्ची, चतुःसीमा काय, दुकान स्वतःचे की भाड्याचे, भाडे किती येत असे. खरेदीखत ज्याने बरोबर आणले होते त्याचे काम सोपे झाले. ज्याने आणले नव्हते त्याने जुना शेजारी शोधून साक्षीला उभा केला. म्हणजे छावणीतल्या पहिल्या वर्षांत हजारो माणसे बसून आपले घर आठवत होती. फक्त त्या आठवणीला सरकारी तक्त्यात बसावे लागत होते.

शिक्षक या कागदांबद्दल मायेने बोलतात. “आमच्या घरी ती क्लेमची नक्कल कपाटात देवाच्या फोटोखाली असायची. वडील म्हणायचे, हेच आपलं घर. पैसे किती आले? मोठ्या दाव्याला शेकडा कमी, लहान दाव्याला थोडे जास्त. पण त्या कागदावर ओट्याची लांबी लिहिलेली होती.”

अभ्यासिकेला त्यात उणे दिसते. “ओट्याची लांबी होती, पण ओट्यावर कोण बसायचं ते नव्हतं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याचं तर घर नोंदलंच गेलं नाही. भाडेकरू, स्वयंपाकीण, हवेलीत आयुष्य काढलेली विधवा आत्या. त्यांचा सिंध कुठल्या रकान्यात होता? आणि मागाहून काय झालं, की आपल्या घराघरांत सगळे जमीनदार होते, सगळ्यांच्या हवेल्या होत्या अशीच गोष्ट उरली.”

तिचे हे निरीक्षण महत्त्वाचे आहे. विस्थापितांची आठवण आपल्या मर्जीने वाढत नाही. नव्या जागेत तिला ज्या कामासाठी बोलावले जाते, त्या कामापुरती ती घडते. भरपाईच्या कचेरीने मालमत्ता विचारली, म्हणून मालमत्तेची आठवण धारदार राहिली. जे कुणीच विचारले नाही ते आधी अंधूक झाले आणि मग गेले. हा नियम पुढच्या प्रत्येक गोष्टीत दिसतो.

शिक्षणसंस्थांचे उदाहरण त्यातले सर्वांत उजळ. कराचीच्या दयाराम जेठमल सिंध कॉलेजमधून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद कॉलेज सुरू केले. सिंधच्या हैदराबादेत १९२२ पासून चालत असलेले नॅशनल कॉलेज १९४९ मध्ये वांद्र्याला पुन्हा उभे राहिले. त्यामागे प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी होते. त्यांच्या मंडळाने पुढे चर्चगेटचे के. सी. कॉलेज आणि १९६५ मध्ये उल्हासनगरचे चांदीबाई कॉलेज काढले. या मंडळाच्या नावात ‘हैदराबाद (सिंध)’ हे शब्द आहेत, आणि अलीकडे स्थापन झालेल्या एचएसएनसी विद्यापीठाच्या आद्याक्षरांतही तेच शहर दडले आहे. साधू वासवानींनी हैदराबादेत सुरू केलेली मीरा शिक्षणचळवळ पुण्यात आली. कच्छमध्ये भाई प्रताप यांनी महारावांनी दिलेल्या जमिनीवर गांधीधाम वसवले. कराची बंदर गेले म्हणून जवळच कांडला बंदर उभे राहिले.

“याला आठवण नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं?” शिक्षक विचारतात. “दगडाचं स्मारक आम्ही उभारलं नाही, कबूल. पण कॉलेज उभारलं, हॉस्पिटल उभारलं. चर्चगेटला उतरणारी मराठी, गुजराती, केरळी मुलं त्या कॉलेजात शिकून गेली. हैदराबादला आमच्या लोकांनी जे केलं असतं तेच इथं केलं.”

“पण त्या मुलांपैकी कुणाला ठाऊक आहे, साईं, की हे हैदराबाद तेलंगणाचं नव्हे? संस्था टिकली, पत्ता पुसला गेला. दारावर सिंध लिहिलेलं आहे आणि आतल्या अभ्यासक्रमात सिंध कुठंच नाही.”

एवढे मोठे संस्थाजाल इतक्या थोड्या वर्षांत उभे करणारे विस्थापित समाज भारतात फार थोडे, आणि त्या कर्तृत्वापुढे नम्र व्हावेच लागते. पण अभ्यासिकेच्या प्रश्नालाही उत्तर हवे. कॉलेज सर्वांसाठी खुले ठेवायचे आणि त्यातच आपला प्रांत जपायचा, ही दोन्ही कामे एकाच इमारतीत सहसा होत नाहीत. सिंधी संस्थापकांनी पहिले निवडले. कदाचित म्हणूनच मुंबईने त्यांना इतक्या लवकर आपले मानले.

देवाच्या बाबतीत निवड वेगळ्या रीतीने झाली. आज सिंधी म्हटले की झुलेलाल आठवतो : माशावर बसलेला, पांढऱ्या दाढीचा, सिंधू नदीचा देव. चैत्रात चेटीचंडला त्याची मिरवणूक निघते, ज्योतीचा बहराणा साहिब सजतो, छेज नाचतात. पावसाळ्यात चाळीस दिवसांचा चालिहो पाळतात. हे सारे जुनेच. पण सिंधमध्ये झुलेलाल अनेक देवतांपैकी एक होता, दर्यापंथी कुटुंबांचा मुख्य देव. घराघरांत नानकपंथी परंपराही तितकीच घट्ट होती आणि टिकाण्यांत, म्हणजे सिंधी मंदिरांत, गुरू ग्रंथसाहिबाचे पठण चाले. साऱ्या सिंध्यांचा एकच देव म्हणून झुलेलाल पुढे आला तो फाळणीनंतर, मुख्यतः मुंबईत. लेखक आणि गायक प्रा. राम पंजवानी यांनी गावोगावच्या वस्त्यांत जाऊन झुलेलालची गाणी गायली, मेळे भरवले, चेटीचंडला सार्वजनिक रूप दिले. ज्यांना एकत्र आणायला जमीन नव्हती, त्यांना त्यांनी एक दिवस आणि एक देव दिला. शिवाय हा देव पाण्याचा. उल्हास नदी असो, तलाव असो की अरबी समुद्र, ज्योत सोडायला पाणी सगळीकडे मिळते.

इथे दोघांचा सूर थोडा जुळतो, पण तेवढ्यापुरताच. शिक्षक म्हणतात, “दादा राम पंजवानी डफली, मटका घेऊन यायचे तेव्हा कॅम्पातली म्हातारी माणसं हमसून रडायची. त्या एका रात्रीत आम्हाला कळलं की आपण फक्त रेशनच्या रांगेतली माणसं नाही.”

अभ्यासिका त्या गाण्यांची मोहिनी नाकारत नाही. तिची तक्रार काय गळले याची आहे. “उदेरोलालला झुलेलालचं मूळ ठाणं आहे. तिथं हिंदू आणि मुसलमान दोघंही येतात. मुसलमान त्यांना शेख ताहिर म्हणतात. आपल्या चेटीचंडच्या मिरवणुकीत ही गोष्ट कुणी सांगतं का? सेहवनचा लाल शाहबाज कलंदर, भिटशाहचे शाह लतीफ, दराझचे सचल सरमस्त. आपल्या पणज्या तिथं नवस बोलायच्या. आता गाणं तेवढं उरलं, दर्गा गेला.”

शिक्षक बराच वेळ थांबून उत्तर देतात. “बेटी, १९४८ मध्ये छावणीत उतरून कुणी म्हटलं असतं की आम्ही दर्ग्यावर जातो, तर काय ऐकावं लागलं असतं? आधीच इथले लोक म्हणत होते, यांची लिपी उर्दूसारखी, यांच्या बायका सलवार घालतात, हे कसले हिंदू. आम्हाला दुसऱ्यांदा परकं व्हायचं नव्हतं.”

हे उत्तर प्रामाणिक आहे आणि सगळ्या वादाचे मर्म त्यात आहे. सिंधी हिंदूंना भारतात आसरा मिळाला तो हिंदू म्हणून. तेव्हा आठवणीतला जो भाग त्या ओळखीत बसत होता तो उजेडात राहिला, न बसणारा घराच्या आत गेला. हुतात्मा हेमू कलानी यांचेही असेच. सक्करच्या या तरुणाला रेल्वेगाडी पाडण्याच्या प्रयत्नाबद्दल २१ जानेवारी १९४३ रोजी फाशी झाली. त्यांचे पुतळे आणि त्यांच्या नावाचे रस्ते, चौक महाराष्ट्रातल्या सिंधी वस्त्यांत दिसतात, आणि ते योग्यच आहे. त्यांची स्मृती सिंधची होती आणि देशाचीही, म्हणून तिला चौक मिळाला. शाह लतीफांवर जीव टाकणारे वाचक समाजात आजही आहेत, पण त्यांच्या आवडीला मिरवणुकीत जागा झाली नाही.

आणखी एक वगळणूक याहून मोठी आहे. सिंधमधून सगळे हिंदू निघाले नाहीत. पाकिस्तानातल्या हिंदूंची फार मोठी संख्या आजही सिंधमध्येच आहे : थारपारकर, उमरकोट, मीरपूरखास या भागांत. त्यांतले पुष्कळसे मेघवाड, कोळी, भील अशा जातींचे, शेतमजुरी करणारे. त्यांच्याकडे बोटीचे तिकीट काढायला पैसा नव्हता, पलीकडे ओळखीचे कुणी नव्हते. ‘आपण सिंध सोडला’ या वाक्यातल्या ‘आपण’मध्ये ही माणसे नाहीत. अभ्यासिका हे बोलून दाखवते तेव्हा शिक्षकही प्रतिवाद करत नाहीत. आपल्या शाळेच्या पुस्तकात असा एकही धडा नव्हता, एवढेच ते सांगतात.

भाषेचा प्रश्न सर्वांत कडवट. १० एप्रिल १९६७ रोजी सिंधीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. तो दिवस सिंधी भाषा दिन म्हणून पाळतात. भूभाग नसलेल्या भाषेला मिळालेली ही मान्यता समाजाच्या चिकाटीचे फळ आहे. पण त्याआधीपासूनच लिपीचा तंटा सुरू झाला होता. सिंधमध्ये शाळेत शिकवत ती ५२ अक्षरांची अरबी वळणाची लिपी. भारतात आल्यावर एका गटाला देवनागरी हवी होती : मुले हिंदी शिकणारच, मग दोन लिप्यांचे ओझे कशाला? दुसऱ्या गटाचे म्हणणे, लिपी सोडली तर शाह लतीफांपासूनचे सगळे लेखन मुलांना परके होईल. सरकारने दोन्ही लिप्या चालू दिल्या. परिणामी लहानसा वाचकवर्ग दोन भागांत वाटला गेला. पुढे सिंधी माध्यमाच्या शाळा ओस पडत गेल्या. २०११ च्या जनगणनेत सिंधी या शीर्षकाखाली सुमारे २७ लाख भाषक नोंदले आहेत, पण त्यांत कच्छी बोलणारेही मोजलेले आहेत.

“माझ्या शेवटच्या वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं होती,” शिक्षक सांगतात. “आणि त्यांच्या आई-बापांनी, माझ्याच विद्यार्थ्यांनी, मला विचारलं, साईं, सिंधी शिकून नोकरी लागेल का? मी काय सांगणार? माझ्या स्वतःच्या नाती इंग्रजी शाळेत जातात.” इथे त्यांची बाजू त्यांनाच सावरता येत नाही. कृतीतून सिंध जपला, असे म्हणणाऱ्याला भाषेच्या कृतीचा हिशेब द्यावाच लागतो. अभ्यासिका त्यांना डिवचत नाही. तिलाही सिंधी बोलता येते ती आजीमुळे, तुटकतुटक, आणि मुलाखती घेताना म्हाताऱ्या माणसांचे निम्मे शब्द ती दुसऱ्याला विचारून समजून घेते.

कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची हकिकत या वादाला वेगळा उजेड देते. सिंधी येण्याआधी, १९४३ पासून, त्या छावणीत सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक स्त्रिया आणि मुले. सोव्हिएत राजवटीने त्यांना पूर्व पोलंडमधून सैबेरियाकडे हद्दपार केले होते. इराणमार्गे ते हिंदुस्थानात पोचले. वळिवड्यात त्यांनी शाळा, चर्च, नाट्यगृह चालवले. युद्ध संपले तेव्हा त्यांचा पूर्व पोलंड सोव्हिएत संघात गेला होता, म्हणजे त्यांचीही घरे सीमेपलीकडे गेली. १९४८ पर्यंत ते ब्रिटन, ऑस्ट्रेलिया अशा देशांत पांगले. त्यानंतर त्याच छावणीत सिंधी कुटुंबे स्थिरावली आणि तिथे गांधीनगर झाले, आजची मोठी कापडपेठ.

वळिवड्याच्या पोलिश मुलांनी पुढे लंडनमध्ये संघटना बांधली, आठवणींचा जाडजूड ग्रंथ काढला, कोल्हापुरात स्मारक उभारले. २०१९ मध्ये पोलंडचे मंत्री आणि वयाची ऐंशी ओलांडलेले ते छावणीवासी वळिवड्याला आले. वॉर्सातही कोल्हापूरचे स्मारक आहे. सिंध्यांनी त्याच आवारात दुकाने मांडली.

अभ्यासिका म्हणते, “बघा साईं, पाच वर्षं राहिलेल्यांनी छावणी जपली आणि पिढ्यानपिढ्या राहिलेल्यांनी तिची एक भिंतही ठेवली नाही.” शिक्षकांचे उत्तर इथे अधिक पटते. “ते निघून गेले, म्हणून त्यांना छावणी आठवते. आम्हाला तिथंच राहायचं होतं. भिंत पाडल्याशिवाय दुकान कसं वाढवणार? राहत्या घराचं स्मारक कुणी करत नाही.” पोलिश लोकांना बाहेरून बळही होते : १९८९ नंतर त्यांच्या मागे एक राष्ट्र उभे होते, परराष्ट्र खाते होते. सिंध्यांच्या हरवलेल्या घरासाठी फीत कापायला कुठला मंत्री येणार?

परत जाऊन घर पाहण्याची वाट तर जवळजवळ मिटलीच. कराचीतला भारताचा वाणिज्य दूतावास १९९४ मध्ये बंद झाला. मुनाबाव–खोखरापार मार्गावरची रेल्वे १९६५ च्या युद्धात थांबली होती. थार एक्स्प्रेस २००६ मध्ये सुरू झाली आणि २०१९ मध्ये पुन्हा बंद पडली. सिंधमधल्या शदाणी दरबारसारख्या ठिकाणी यात्रेकरूंचे जथे जात आले आहेत, पण यात्रेच्या व्हिसावर आजोबांची गल्ली शोधता येत नाही. ज्यांच्याकडे परदेशी पासपोर्ट होता ते गेले आणि फोटो घेऊन आले. त्या घरांत आता राहणाऱ्यांपैकी कित्येकांचे स्वतःचे घर भारतात राहिले आहे, हेही त्यांना तिथे समजले. राहता राहिले राष्ट्रगीत. त्यातला ‘सिंध’ काढून ‘काश्मीर’ घालावे अशी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये फेटाळली. सिंधी समाजाला त्या निकालाने झालेला आनंद मोठा होता. शिक्षक म्हणतात, “शाळेत रोज सकाळी मुलं ते नाव घेत होती. तेवढ्यापुरती जागा तर आहे.”

अलीकडे वादाचा रोख बदलला आहे. सिंध प्रत्यक्ष पाहिलेली माणसे आता ऐंशी-नव्वदीत आहेत. जन्मापासून छावणीत वाढलेली दुसरी पिढीही म्हातारी झाली आहे, आणि तिचे पहिले घर सिंधमध्ये नव्हतेच. शिक्षक ते स्पष्ट बोलतात : “मला सिंध आठवत नाही, बेटी. तो वडिलांचा. मला बरॅक आठवते. मध्ये गोणपाटाचा पडदा टाकून चार कुटुंबं राहायची, एका घरात फोडणी पडली की चारही घरांत ठसका. त्या बरॅकी पाडून इमारती झाल्या. तू सगळ्यांना हैदराबादच्या हवेलीबद्दल विचारतेस, आमच्या बरॅकीबद्दल कुणी विचारलं का?”

या प्रश्नाने अभ्यासिकेला आपली प्रश्नावली बदलावी लागते. छावणीतले दिवस, क्लेमची सुनावणी, लोकलमधला फेरीचा धंदा, पाण्याच्या नळावरची भांडणे, मागे सिंधमध्ये राहिलेल्या नोकरांची आणि कुळांची नावे, आजीने दर्ग्यावर बोललेला नवस : हे सगळे ती विचारणार आहे. शिक्षक त्यासाठी आपल्या ओळखीच्या घरी तिला घेऊन जायला तयार आहेत. एका मुद्द्यावर मात्र दोघांचे जमलेले नाही. मुलाखती सिंधीतच घ्यायच्या, हे ठरले. त्या उतरवून काढायच्या कुठल्या लिपीत? शिक्षकांचा आग्रह ५२ अक्षरांच्या जुन्या लिपीचा आहे, कारण सिंधमधल्या वाचकालाही त्या वाचता याव्यात. अभ्यासिकेला देवनागरी हवी आहे, कारण त्या वाचण्याची खरी गरज उल्हासनगरातल्या नातवंडांना आहे. दोन्ही लिप्यांत काढायचे तर काम दुप्पट होते, आणि जुनी लिपी सराईतपणे लिहिणारी माणसे वस्तीत आता फार थोडी उरली आहेत.